खिंडीतले सात तास

पणजी सगुणाबाईंच्या काळात टॉवर मोडीत निघाले; आजी यमुनाबाई आणि आई सत्यभामाबाई माणसाच्या अंगातून माणसाच्या अंगात जाणाऱ्या सिग्नलवरच नांदल्या. आज मनकर्णाबाई खिंडीत ताठ उभ्या होत्या, म्हणूनच शहरातल्या डॉक्टरीणबाईंचा आवाज दरीतल्या सखोबाच्या अडलेल्या लेकीपर्यंत पोहोचत होता.

"काकू, गुडघे धरतील तुमचे. दुसऱ्या कोणाला पाठवतो," सखोबा फोनवर कळवळला.

"खबरदार कोणाला पाठवलंस तर! माझ्या जन्माच्या वेळी तुझा बाप इथं सात तास उभा होता."

सहाव्या तासाला बाळ रडले.

"सुटली पोर! आता तरी बसा, काकू."

"अजून एक तास राहिलाय, सखोबा."

सातवा तास पुरा भरला तेव्हाच मनकर्णाबाई खडकाआड बसल्या, आणि दरीतले फोन मुके झाले.