नंबर तीन

“नंबर तीन,” पडद्यापलीकडून आवाज आला, आणि तिने हॉर्नचं पितळी तोंड ओठांना लावलं.

आवाज तिच्या नवऱ्याचा होता. तो शहराच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात चेलो वाजवायचा, आणि यंदा परीक्षकांत होता. पडद्याच्या या बाजूला आपलीच बायको बसली आहे, याचा त्याला पत्ता नव्हता. त्याच्या लेखी ती बहिणीकडे गेली होती.

या ऑर्केस्ट्रात एके काळी बापाची खुर्ची मुलाला मिळायची, मामाची भाच्याला. पुढे वादकांनीच भांडून हा काळा पडदा लावून घेतला. तेव्हापासून उमेदवाराला नाव नसतं, नुसता नंबर. तोंडातून शब्द काढायचा नाही. पावलं वाजून बाई की बुवा ते कळू नये, म्हणून खाली जाड गालिचा. नावं ठाऊक असतात ती फक्त ऑफिसातल्या बाईंना, आणि त्या बाईंच्या पोटातली गोष्ट काढणं आजवर कुणाच्या बापाला जमलेलं नव्हतं.

ज्या खुर्चीसाठी परीक्षा चालली होती, ती आधी तिचीच होती. मग ती जिन्यावरून तोंडावर पडली. पुढचे दात गेले, वरचा ओठ शिवावा लागला. हॉर्न वाजवणाऱ्याची सगळी भिस्त त्या ओठावर असते. दात नवे बसले. ओठ मात्र तिचं ऐकेना. तरी ऑर्केस्ट्राने खुर्ची राखून ठेवली. ती परतली त्या दिवशी तालमीत तिचा सूर मधेच फाटला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या तिला फार लागल्या. घरी तर त्याहून वाईट. पूर्वी नवरा तिच्या वाजवण्यात खोट काढल्याशिवाय जेवायला बसत नसे. “आज काय ट्रक मागे घेत होतीस?” असं विचारायचा, आणि मग दोघं कडाकडा भांडायची. आता काहीही वाजवलं तरी तो म्हणायचा, “छान झालं गं.”

तिने राजीनामा दिला. सगळ्यांना वाटलं, संपलं. नवऱ्यालाही तसंच वाटलं. तो तालमीला गेला की ती खिडक्या लावून घ्यायची. एकच सूर, दमसास पुरेल तोवर. मग त्याच्या वरचा. ओठ सुजायचा, ती थांबायची, दुसऱ्या दिवशी परत बसायची. एकदा तरी तिला अशा माणसांपुढे वाजवायचं होतं, ज्यांना तिची कीव येणार नाही. खुर्चीचा निकाल लागेपर्यंत तिने ती गोष्ट कुणाला सांगितली नाही.

तिने वाजवलं. खालचे सूर भरून आले. वरचा सूर आला, फाटला नाही, पण कसाबसा आला. वाद्य पिशवीत घालून ती मागच्या दाराने बाहेर पडली.

संध्याकाळी ती भाजी चिरत होती. नवरा आला आणि स्टुलावर बसून बूट काढू लागला.

“लागला निकाल. नंबर सात.”

“बरा होता?”

“पक्का होता. शेवटी सात आणि तीन उरले. मतं निम्मी निम्मी पडली. माझं शेवटचं.”

“मग?”

“तीनला पाडलं मी.”

तिची सुरी थांबली. “का?”

“अगं, वरच्या सुराला घाबरतो तो! सूर यायच्या आधीच जोर लावून बसतो. ऐन कार्यक्रमात दगा देईल असा माणूस.” तो हातवारे करून बोलत होता. मग कुणापुढे बोलतोय ते ध्यानात येऊन ओशाळला. “जाऊ दे. मी तरी तुझ्यासमोर काय घेऊन बसलोय.”

“नाही, बोल.”

“पण खालचे सूर विचारू नकोस. जाड, जरासे खरखरीत. असा हॉर्न आपल्याकडे कधी वाजलाच नाही. तुझाही असा नव्हता.” तो घुटमळला. “खरं सांगू? तुझ्यापेक्षा चांगला होता. भीती तेवढी गेली ना, तर पुढच्या परीक्षेत त्याला कुणी अडवू शकत नाही. मी तर नाहीच.”

इतके दिवस शिवलेल्या ओठातून ती आपला जुना आवाज ओढून काढायला बघत होती. तो काही येत नव्हता. त्याच्या जागी जो येत होता, त्याला ती आजवर व्यंग समजत आली होती.

तिने हात धुतले, पुसले. आत जाऊन हॉर्न घेऊन आली आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. त्याने आधी हॉर्नकडे पाहिलं, मग तिच्या ओठांवर त्याच्या तोंडाने उमटलेल्या, अजून लाल दिसणाऱ्या गोल वळाकडे. बूट त्याच्या हातातच राहिला.

“तोच वरचा सूर परत घेते,” ती म्हणाली. “घाबरले की सांग.”