फक्त विज्ञान प्रयोग

"शरू, तुझ्या आईची श्रद्धांजली कुठे गेली गं?" बाबांनी लॅपटॉपसमोरून विचारलं.

आई शिकवायची त्या शाळेच्या वेबसाइटवर तिचं नाव टाकलं की सगळ्यात वर तीच यायची आणि बाबा रोज ती वाचत बसायचे. वेबसाइट शर्वरीच सांभाळायची. परवा तिने शोधाची चौकट ‘विज्ञान प्रयोग’ या एकाच विभागापुरती करून टाकली. आता सापडायची ती फक्त विज्ञान शिकवणारी आई, लिंबावर दिवा लावणारी, बाटलीत ढग करणारी.

"आहे ती, शोधात येत नाही एवढंच. रोज काय वाचायचं तेच तेच?"

"वाचलं नाही की पाच वाजता तिला आणायला शाळेच्या फाटकाशी जातो. काल तासभर उभा होतो."

शर्वरीने शोध पुन्हा ‘सर्व विभाग’वर नेऊन ठेवला.