चेनचा डाग

“आता काय करायचं?” मालक ओरडले.

भावजी डावा हात गळ्यात अडकवून वर्कशॉपच्या दारात उभे होते. चेहरा मात्र असा निवांत, की मोडला असेल तर शेजाऱ्याचा हात मोडला असेल. “पाय घसरला. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर हँडल धरायचं नाही.”

आठवडाभर! इथे आजच्या आज निकाल लागायचा होता. नवी सायकल भारीतली होती, जंगलातल्या उतारांसाठी खास बनवलेली. दगड आणि झाडांची मुळं बिनबोभाट गिळायची. पण वळण आलं की पुढून बुजायची. का, ते महिनाभर कुणाला उमगत नव्हतं. आज उमगलं नाही तर मालक ती सायकल कायमची गुंडाळणार होते. तसं त्यांनी जाहीरच केलं होतं, आणि जाहीर केलेलं मालक मागे घेत नसत, निदान जेवणाआधी तरी नाही.

सायकल वहिनीची. म्हणजे तिची प्रत्येक नळी, प्रत्येक कोन वहिनीनं आखलेला. वर्कशॉपात सगळेच तिला वहिनी म्हणत, कारण भावजी म्हणत, आणि भावजी तिचे सख्खे धाकटे दीर. कामाची वाटणी ठरलेली होती. वहिनीनं आखायचं, भावजींनी जंगलात पिटाळून आणायची आणि सांगायचं, “मागून शेपूट हलवते,” नाहीतर “उतारावर नाक खुपसते.” तेवढ्यावरून वहिनी नेमका आकडा बदलायची. पण हे ‘बुजते’ म्हणजे नक्की काय, ते काही केल्या तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. “सांगून नाही कळायचं वहिनी, बसावं लागतं,” भावजी म्हणायचे, आणि वहिनी घाईघाईनं कॉम्प्युटरकडे वळायची.

मालकांनी टाळी वाजवली. “हात्तिच्या! वहिनी चालवतील की! आपली सायकल त्यांना नाही कळणार तर कुणाला?”

झालं! वहिनी एक पाऊल मागे सरली. शाळेत असताना एका उतारावर तिच्या सायकलचा ब्रेक लागला नव्हता आणि ती थेट काटेरी कुंपणात जाऊन पडली होती. तेव्हापासून तिनं पेडलवर पाय म्हणून ठेवला नव्हता. नोकरी मागायला आली तेव्हा “चालवता ना?” असं विचारल्यावर “म्हणजे काय!” म्हणून बसली, आणि मग ती थाप निस्तरता निस्तरता वर्षं गेली. कधी गुडघा दुखायचा, कधी घड्याळ लावून उभं राहायला कुणीतरी हवं असायचं. सायकली मात्र ती दिवसभर इकडून तिकडे ढकलत न्यायची. घरी जाईपर्यंत पँटच्या डाव्या पायाला चेनचं काळं फासलेलं असायचंच. “साबणाचा खर्च कंपनीकडून घे,” असं नवरा म्हणायचा. वहिनीला मात्र त्या डागाचा मोठा आधार होता. इथे सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाच्या पँटला डाग होता. तिच्याही होता. मग शंका कोण घेणार?

“आज जरा गुडघा...” तिनं सुरुवात केली.

“काल दुसरा दुखत होता ना?” भावजींनी विचारलं आणि उजव्या हातातला चहा शांतपणे संपवला.

कुणी हेल्मेट आणलं, कुणी पॅड आणले. बघता बघता वहिनी झाडीतल्या वाटेच्या तोंडाशी उभी होती. भावजी हळूच म्हणाले, “खालची सोपी वाट धरा. ब्रेकवर दोनच बोटं. आणि चाकाकडे नाही बघायचं, वळणाच्या पुढे बघायचं.”

वहिनीनं मनातल्या मनात घरच्या सगळ्यांचा निरोप घेतला आणि पेडल मारलं.

पहिलं मूळ आलं. सायकलनं ते गिळलं. दुसरं आलं, तेही गेलं. तिनं घाबरून ब्रेक दाबला, तर सायकल शहाण्या लेकरासारखी जागच्या जागी थांबली. “अगं बाई!” वहिनी एकटीच मोठ्यानं हसली. मग वळण आलं. पुढचं चाक एकदम हलकं झालं आणि भलतीकडेच निघालं. “बुजली!” वहिनी आनंदानं किंचाळली. ती उतरली, सायकल वर नेली आणि तेच वळण पुन्हा घेतलं. मग पुन्हा. गरज नव्हती तरी आणखी एकदा.

ती परतली ती चिखलानं माखून, लांबूनच ओरडत. “मागचं चाक! मी ते फार जवळ घेतलंय! सगळं वजन त्याच्यावरच बसतं, पुढचं बिचारं अधांतरी राहतं. बोटभर मागे सरकवा, बस्स!”

“बोटभर?” मालक म्हणाले. “आणि त्यासाठी महिना घालवला? उद्यापासून नळ्या कापायला घ्या!” आणि खुशीत जेवायला निघून गेले.

वहिनी पायरीवर टेकली. इतकं मस्त तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. भावजींनी तिच्यासाठी काठोकाठ भरलेला चहाचा कप आणला. डाव्या हातात. थेंबही न सांडता.

वहिनीनं कपाकडे पाहिलं, मग त्यांच्या गळ्यात अडकवलेल्या उजव्या हाताकडे.

“भावजी, सकाळी डावा हात मोडला होता.”

भावजींनी जीभ चावली. मग त्यांची नजर तिच्या पँटवर गेली. उजव्या पोटरीवर चेनचा ताजा, काळाभोर पट्टा उमटला होता. ते हसू लागले.

“आज दोघांचीही बाजू बदलली, वहिनी! चेन उजवीकडे असते, म्हणून चालवणाऱ्याच्या उजव्या पायाला डाग पडतो. तुमच्या मात्र इतकी वर्षं डाव्याच पायाला पडत होता, सायकल शेजारून ढकलणाऱ्याला पडतो तसा.”