मंगळीची पेज

संशोधन कितपत उपयोगी पडलं, हे आता शोधनिबंध नव्हे, लेकरांचं रक्त सांगत असे. पाड्यावरच्या चिमुरडीच्या बोटातून यंत्राने थेंब घेतला. पोषणातल्या संशोधनाच्या वाट्याचा आकडा शून्य आला, तर डॉ. शालन किणीकरांची प्रयोगशाळा आजच बंद होणार होती.

"पोषण उत्तम," यंत्र म्हणालं. "किणीकर पद्धतीचा वाटा शून्य."

शालनताई चिमुरडीच्या आजीकडे वळल्या. "मंगळीबाई, माझी नाचणीची पेज दिली नाहीत?"

"दिली ना! पोरगी थुकली. तुम्ही तरी चाखली होती का, डाक्तरीणबाई? मंग मी पीठ रातभर आंबवलं."

पेजेतलं लोह अंगी कसं लागावं, हेच शालनताई बारा वर्षं शोधत होत्या; उत्तर या रातभराच्या आंबवण्यात होतं. त्यांना हसू फुटलं. यंत्रावर संशोधकाच्या जागी त्यांनी 'मंगळी वारघडे' लिहिलं, आणि वही उघडून विचारलं, "पाणी किती घालता?"