पाळीवरचा पिंपळ

“पाळीवर पिंपळ उगवला त कवळा असतानाच खोदून टाकजो, पोरी. झाड देवाचं, पण त्याच्या मुळ्या पाळ फोडतेत.” मातीची पाळ घालून, बांध उभारून तळं बांधणाऱ्या सासऱ्यांनी मरताना शामकलाकडून हे वचन घेतलं होतं. पिंपळ उगवलाच आणि यंदा कार्तिकात त्याच्या मुळाशी पाणी पाझरू लागलं. पाळीखाली गावाचं धान कापणीला आलेलं. नवऱ्याला सांगून सांगून तिची जीभ झिजली. “आज शनिवार, पिंपळाचा वार हाय,” तो म्हणाला. “मंग काल?” “काल तुळशीचं लगन होतं.” “अन् उद्या?” “उद्या मालगुजाराकडे बेगार.” “पाळ मुहूर्त पाहून नाही फुटत जी!” “त तूच खोद. पिंपळाले रोज पाणी तूच घालतेस ना?” देवळाजवळच्या पिंपळाला तिनं नेमाचं पाणी घातलं, त्याच्यापुढे दोन्ही कान पकडले आणि कुदळ खांद्यावर घेऊन पाळीची वाट धरली.