ओठांची भाषा

परळच्या ज्या मिलमध्ये मी सूत गुंडाळलं, तिथंच आता नातीचं काचेचं ऑफिस आहे. तिथल्या लुकलुकत्या दिव्यांनी दर्शूचं डोकं ठणकतं, मग फीट येते. काळा चष्मा लावला तर साहेब म्हणतो, "हिरोइन, डॉक्टरची चिठ्ठी आण, मग दिवे बदलू." मेला!

डॉक्टरांसाठी तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीनं फीटचा व्हिडिओ काढला.

"आजी, बघ ना, नुसते ओठ हलतायत."

मिलच्या खात्यात, मशीनींच्या खडखडाटात आम्ही बाया ओठांनीच बोलायचो, हसायचो, भांडायचोसुद्धा. काय दिवस होते! पेपर मी अडखळत वाचते, ओठ मात्र घडाघडा.

मला 'चंपे' म्हणायची ती एकटी इंदू. मशीनपाशीच गेली बिचारी.

दर्शूचे ओठ विचारत होते, "चंपे, भोंगा झाला का गं?"