चोथ्याचं मलम

काकांच्या दोन्ही पायांवरच्या जखमा चिघळल्या होत्या आणि कुठलंच औषध लागू पडत नव्हतं. वाइनच्या कारखान्यात उरलेल्या द्राक्षांच्या चोथ्यापासून डॉक्टरीणबाईंनी एक मलम केलं होतं. ते डाव्या पायाला लावायचं आणि उजव्याला नुसतं व्हॅसलिन, म्हणजे फरक कळेल, असं ठरलं.

दोन्ही पाय एकदमच बरे झाले.

"म्हणजे माझ्या मलमात काही दम नाही," असं म्हणत बाईंनी भरल्या डोळ्यांनी संशोधन गुंडाळलं.

घरी काकूंनी विचारलं, "अहो, उजव्यालाही तुम्ही गुपचूप तेच मलम फासायचात, ते सांगितलंत ना त्यांना?"

"दोन्ही पाय माझेच, सावत्रपणा कसा करणार? आणि सांगतो कसला! बाई आधीच रडत होत्या, वर ओरडल्या असत्या."